ढोलकपूरचा सातबारा

ढोलकपूरला तलाठी नाही. तहसील नाही, कोर्ट नाही, पंचायत नाही. राजा आहे, राजकन्या आहे, दरबारात भाले धरून उभे असलेले शिपाई आहेत आणि एक नऊ वर्षांचा मुलगा आहे. एवढ्या मनुष्यबळावर ते राज्य 'छोटा भीम' या कार्टून मालिकेत २००८ सालापासून टीव्हीवर चाललं आहे, आणि आपल्याकडची असंख्य मुलं 'राज्य' म्हणजे काय हे नागरिकशास्त्राचं पुस्तक हातात येण्याआधी तिथे शिकतात. म्हणून हे लिहायला बसले. महसूल खात्यात कारकून म्हणून लागले, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले, आणि आता दुपारी नातीबरोबर 'छोटा भीम' बघते. नात भीमाकडे बघते, माझं लक्ष राजाकडे जातं. सगळा जन्म त्याच खात्यात गेला, दुसरीकडे कुठे जाणार!

कार्टूनमध्ये राजकारण शोधणारी माणसं जगभर आहेत. १९९९ साली अमेरिकेत जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाच्या नियतकालिकाने 'टेलिटबीज' या लहान मुलांच्या मालिकेतल्या टिंकी विंकी या पात्रावर आक्षेप घेतला. तो जांभळा, त्याच्या डोक्यावर त्रिकोण, हातात पर्स, म्हणजे हा समलैंगिकतेचा प्रचार. २००७ मध्ये पोलंडच्या बालहक्क लोकपालांनी तीच पर्स पुन्हा काढली, मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घेण्याची भाषा केली आणि मग माघार घेतली. बेल्जियमच्या पेयो यांनी १९५८ साली काढलेल्या स्मर्फ नावाच्या निळ्या बुटक्यांबद्दल तर लेखच्या लेख आहेत. सगळ्यांचे कपडे सारखे, गावात पैसा नाही, लाल टोपीवाला दाढीवाला म्होरक्या म्हणजे कार्ल मार्क्स, आणि सोन्याच्या मागे लागलेला त्यांचा शत्रू गार्गामेल म्हणजे भांडवलदार. इजिप्तमध्ये २०१६ साली एका वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्याने हिंसाचार वाढल्याचा दोष 'टॉम अँड जेरी'वर ठेवला. चीनमध्ये २०१८ साली पेप्पा पिग या कार्टूनचे हजारो व्हिडिओ एका मोठ्या अ‍ॅपवरून काढून टाकले गेले.

या लोकांची मला चेष्टा करावीशी वाटत नाही. मुलांच्या डोळ्यांसमोर तासन्‌तास काय चाललंय याची त्यांना काळजी आहे, आणि ती असायलाच हवी. पण ते शोधतात भलतीकडे. जमिनीचे व्यवहार बघताना हा प्रकार मी रोज पाहिला आहे. खरेदी घेणारा माणूस सातबारा हातात घेतो, नाव वाचतो, क्षेत्र वाचतो, शिक्का उजेडात धरून खरा की खोटा ते न्याहाळतो. आणि शेजारीच 'इतर हक्क' म्हणून रकाना असतो, त्यात सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींची नावं सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं. ते तो वाचत नाही. कार्टूनचं राजकारण त्या रकान्यात असतं. पर्सच्या रंगात आणि टोपीच्या रंगात नसतं. निर्णय कोण घेतं, राबतं कोण, खर्च कोणाच्या माथी पडतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याचं काय होतं, हे सगळं उघड्यावर मांडलेलं असतं. लपवलेलं काही नसतं, म्हणूनच कोणी बघत नाही.

तर आता ढोलकपूरचे इतर हक्क.

राजा इंद्रवर्मा चांगला माणूस आहे. जुलमी नाही, लोभी नाही, प्रजेवर त्याची माया आहे. त्याच्याकडे फक्त कारभार नाही. हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्ड कंपनीने ही मालिका केली, आणि तिचे किती तरी भाग एकाच वळणाने जातात. दरबार भरलेला असतो. कोणीतरी धापा टाकत येतो. डाकू आले, राक्षस आला, शेजारच्या राज्याने आव्हान दिलं. राजा सिंहासनावरून उठतो, चेहरा काळजीने काळवंडतो, आणि भीमाला बोलावणं जातं. सेनापतीला काय वाटतं ते कोणी विचारत नाही. मागच्या वेळी हाच डाकू कुठून शिरला, तिथे पहारा का नव्हता, याची चौकशी होत नाही. भीम येतो, अडतो, लाडू खातो, जिंकतो. लोक त्याचा जयजयकार करतात. पुढच्या भागात वेस पुन्हा उघडीच.

हा एकखांबी तंबू आहे. मी ज्या तालुक्यांत नोकरी केली तिथेही असे तंबू पाहिले. गावात एक 'भाऊ' असतात. रेशनकार्ड अडलं, भाऊंकडे. विजेचा डीपी जळाला, भाऊंकडे. पोराचं नाव शाळेत लागत नाही, भाऊंकडे. भाऊ मनाने चांगले असतात, रात्री बाराला उठून गाडी काढतात. पण त्या गावात वायरमनला कोणी ओळखत नाही, ग्रामसभेला पंचवीस डोकी जमत नाहीत, आणि भाऊ आजारी पडले की गाव आजारी पडतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत नेमका हाच इशारा दिला होता. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणातली भक्ती, विभूतिपूजा, ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ढोलकपूर हुकूमशाहीकडे जात नाही, कारण भीम नऊ वर्षांचा आहे आणि त्याला लाडवांपलीकडे काही नको आहे. पण मुलांच्या मनात जी चौकट बसते ती तीच: संकट आलं की यंत्रणा नाही, माणूस हाकारायचा.

पूर ओसरल्यावर काय करायचं असतं हे त्या चौकटीत येतच नाही, आणि माझा जीव इथे अडकतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. माणसं शाळांमध्ये, मंगल कार्यालयांत आणून ठेवली होती. आमच्या ताब्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात दहा-बारा पोरं एका मोबाइलभोवती गोल करून भीम बघत होती. पडद्यावर भीमाने काहीतरी भलंथोरलं उचलून पाण्याच्या वाटेत टाकलं आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. मला बरं वाटलं. त्या आठवड्यात त्या पोरांनी टाळी वाजवावी असं दुसरं काही घडत नव्हतं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. पाणी उतरलं, घरांत गुडघाभर चिखल, आणि पंचनामे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक तिघांनी मिळून घरोघर जायचं. घर पूर्ण पडलं की अंशतः? जनावर वाहून गेलं तर साक्षीदार कोण? एका घरात दोन भाऊ राहतात, रेशनकार्ड एकच आहे, पण चूल वेगळी आहे. मग सानुग्रह अनुदान एक की दोन? घरमालक कोल्हापूरला राहतो आणि भांडीकुंडी बुडाली ती भाडेकरूची, मग पैसे कोणाच्या खात्यावर? एका बाईंनी मला चुलीची जागा दाखवली. चूल वाहून गेली होती, पण वरचा पत्रा धुराने काळा झालेला होता. शेजारी काही हातांवर तिच्या जावेच्या चुलीवरचा पत्राही काळा होता. दोन काळे पत्रे, म्हणजे दोन चुली, म्हणजे दोन कुटुंबं. तसं लिहून घेतलं. माझ्या मते सरकार म्हणजे हे. छतावरचे दोन काळे डाग बघून, नोंदवून, खाली तीन सह्या करणं. ढोलकपुरात राक्षस गाव तुडवून जातो, भीम त्याला आपटतो, सगळे हसतात आणि भाग संपतो. ज्यांची घरं तुडवली त्यांचा पंचनामा कोण करतं? एकदाही नाही. मी वाट बघत असते.

आपली चिऊकाऊची गोष्ट या बाबतीत किती तरी पुढे आहे. तीही पूरग्रस्ताचीच गोष्ट आहे. शेणाचं घर कोणाचं, मेणाचं कोणाचं, हे पहिल्या वाक्यात सांगून टाकलेलं. पाऊस आल्यावर कोण बेघर होतं ते सांगितलेलं. आणि आतून 'थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे' म्हणत दार न उघडणारं कोण, तेही सांगितलेलं. आमच्या आजीने ही गोष्ट सांगताना मी दर वेळी कावळ्याच्या बाजूने रडायचे. आजीला ते पटायचं नाही, तिच्या मते कावळा आळशी. घरात राजकीय वाद व्हायला एवढं पुरतं.

आता लाडू. भीमाची ताकद टुणटुण मौसीच्या लाडवांत आहे. ही बाई भीमाची मैत्रीण चुटकी हिची आई आणि तिचं मिठाईचं दुकान. भीम लाडू पळवतो, मौसी लाटणं घेऊन मागे धावते, मुलं खिदळतात. माझी नातही खिदळते. मी त्या दुकानाचा जमाखर्च मांडते. बेसन, तूप, साखर, सरपण. ढोलकपूरचा संरक्षणखर्च जो काही आहे तो सगळा या एका बाईच्या गल्ल्यातून जातो. राजाचा खजिना आहे, पण दरबारातून तिच्या नावे बिल मंजूर झाल्याचं मी पाहिलेलं नाही. चुटकीही तेच करते. अंगात धाडस आहे, डोकं आहे, पण ऐन लढाईत तिच्याकडे बहुतेक वेळा काम येतं ते लाडू पुरवायचं. सातबाऱ्यावर मालक म्हणून भीमाचं नाव, आणि या मायलेकी इतर हक्कांत.

हे मला टोचतं, कारण तालुक्यात हे मी समोर बघितलं आहे. शाळेतला पोषण आहार शिजवणाऱ्या बचत गटाच्या बायका टेबलासमोर येऊन उभ्या राहायच्या. इंधनाचे पैसे महिनोन्‌महिने आलेले नसायचे. वाण्याची उधारी त्यांच्या नावावर. मुलं मात्र रोज जेवत होती, कारण त्या रोज शिजवत होत्या. मुलांना खिचडी कशी मिळते असं कोणी विचारलं तर उत्तर 'शासनाकडून' असं यायचं. त्या वाण्याच्या वहीत शासनाचं नाव नव्हतं, बायकांचं होतं.

आणि राजा पहिलवानाला कसा पोसतो याचं उदाहरण आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, बाहेरचे मोठमोठे मल्ल आणून ठेवले, तालमी उभ्या केल्या, आणि १९१२ साली खासबागेचं मैदान बांधलं. तिथे बसलं तर लांबच्या माणसालाही आखाड्यातली माती दिसते. पहिलवानाच्या खुराकाची काळजी दरबाराची होती. कोल्हापुरातल्या कोण्या हलवायाच्या दुकानावर तो भार टाकलेला नव्हता. त्याच राजाने २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. राजा असूनही कारभार करता येतो, लेखी हुकूम काढता येतात, ते पुढे टिकतात. इंद्रवर्माने एक तरी हुकूम काढावा. टुणटुण मौसीला वर्षाला अमुक खंडी हरभरा सरकारी कोठारातून द्यावा, एवढा जरी काढला तरी मला समाधान आहे.

लाडवाच्या हरभऱ्याचा प्रश्न दुसऱ्या एका मोठ्या पुस्तकाने पन्नास वर्षांपूर्वी विचारून ठेवला आहे, बदकाच्या बाबतीत. १९७१ साली चिलीमध्ये एरियल डॉर्फमन आणि आर्माँ मात्तेलार या दोघांनी डिस्नेच्या डोनाल्ड डकच्या चित्रकथा कशा वाचाव्यात यावर पुस्तक लिहिलं. तेव्हा तिथे साल्वादोर आयेंदे यांचं समाजवादी सरकार होतं. या दोघांनी शिक्के उजेडात धरले नाहीत, रकाने वाचले. बदकांच्या जगात आईबाप नाहीत, सगळे काका आणि पुतणे. कारखाना नाही, शेत नाही, कोणी काही पिकवत नाही, घडवत नाही. संपत्ती म्हणजे दूरदेशी सापडणारा खजिना. तिथली माणसं लहान मुलासारखी भोळी दाखवलेली, एखाद्या फालतू वस्तूच्या बदल्यात ती सोनं देऊन टाकतात. ज्या देशाचं तांबं परदेशी कंपन्या दशकानुदशकं नेत होत्या, त्या देशातल्या लोकांना हे वाचताना काय वाटलं असेल! ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने आयेंदेंचं सरकार उलथलं. त्यानंतर सैनिकांनी जी पुस्तकं जाळली त्यांत हेही होतं. १९७५ मध्ये इंग्रजी भाषांतराच्या प्रती अमेरिकेच्या कस्टमने अडवून ठेवल्या. बदकावरचं एक पुस्तक, आणि दोन सरकारांना त्याची दखल घ्यावी लागली. कार्टूनचा इतका काथ्याकूट कशाला म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

नव्वदीच्या दशकात आमच्याकडे रविवारी दूरदर्शनवर 'डक टेल्स' लागायचं. त्यातला श्रीमंत बदक अंकल स्क्रूज सोन्याच्या नाण्यांत सूर मारून पोहायचा. माझा मुलगा गादीवर तसे सूर मारायचा. ही नाणी आली कुठून असं मी त्याला विचारलं तेव्हा 'आई, ती त्याचीच आहेत' असं तो म्हणाला. डॉर्फमन-मात्तेलारांचं सगळं पुस्तक त्या उत्तरात बसतं. ते पुस्तक मी निवृत्तीनंतर इंग्रजीत वाचलं, शब्दकोश घेऊन. काही ठिकाणी ते फार ताणतात, प्रत्येक काकामागे साम्राज्य बघतात. पण मूळ प्रश्न पक्का आहे: या जगात राबतं कोण आणि ते दिसत का नाही? ढोलकपुरात हरभरा कोण पेरतं?

यापुढचा माणूस मला सगळ्यांत जवळचा. कालिया.

कालिया भीमापेक्षा थोडा मोठा, आडदांड, ढोलू-भोलू ही जुळी पोरं त्याच्या मागे. मालिकेत त्याचं काम जळायचं. दर वेळी भीमच का? स्पर्धेत भीमच का, दरबारात सत्कार भीमाचाच का, राजकन्येच्या वाढदिवसाला मानाचं पान भीमालाच का? तो डाव रचतो, डाव अंगलट येतो, तोंडघशी पडतो, मुलं हसतात. आता हे प्रश्न नीट वाचा. एकही प्रश्न चुकीचा नाही. चुकीचा दाखवलाय तो त्याचा हेतू. राज्याची सगळी भिस्त एकावर का, हे विचारणारा अख्ख्या ढोलकपुरात हा एकच, आणि त्याला मत्सरी, खादाड, भित्रा करून ठेवलंय. मुलगा-मुलगी पाच वर्षं हे बघतात आणि शिकतात की विचारणारा म्हणजे जळणारा.

माझ्या मते 'छोटा भीम'मधली सर्वांत राजकीय गोष्ट हीच आहे. भगवं धोतर बघून वाद घालणारेही मला भेटलेत. घालू देत. धोतर महाभारतातल्या भीमाकडून आलंय, ते सगळ्यांना दिसतं. कालियाचं कोणाला दिसत नाही.

एका गावच्या ग्रामसभेत मी निरीक्षक म्हणून बसले होते. एक मध्यमवयीन गृहस्थ उठले आणि पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा हिशेब मागू लागले. ते उठताक्षणी मागून कुजबूज, 'झालं याचं सुरू.' कोणीतरी म्हणालं, याला गेल्या निवडणुकीत पाडलंय ना, म्हणून आग आहे. असेलही. पण हिशेब मागण्याचा त्याचा हक्क त्या पराभवाने कमी होत नव्हता, आणि हिशेब न देण्याची मोकळीकही त्यातून कोणाला मिळत नव्हती. आपल्या विधिमंडळात विरोधी पक्षनेत्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा, पगार, गाडी दिली जाते ती यासाठीच. प्रश्न विचारणं हे पद आहे, रोग नाही. ढोलकपूरने कालियाला ते पद द्यावं.

ढोलकपूरच्या बाजूनेही बोललं पाहिजे. कालियाला कोणी हद्दपार करत नाही. कोणी त्याला तुरुंगात घालत नाही, देशद्रोही म्हणत नाही. खरं संकट येतं तेव्हा तो भीमाच्या टोळीत असतो, कुरकुरत का होईना जातो, आणि भीम त्याला दोन वेळा पाण्यातून ओढून काढतो. ही फार मोठी गोष्ट आहे. जगात अशी किती तरी राज्यं आहेत जिथे कालिया पहिल्या भागानंतर दिसला नसता.

'मोटू पतलू' या कार्टूनमधल्या फुरफुरी नगरबद्दल थोडक्यात. ही मालिका २०१२ पासून निक वाहिनीवर आहे, त्याआधी ही जोडी 'लोटपोट' मासिकात होती. हे गाव मला ढोलकपूरपेक्षा ओळखीचं वाटतं. तिथे राजा नाही. चहाची टपरी आहे, समोसे आहेत, डॉक्टर आहे, पोलीस ठाणं आहे, आणि डॉन व्हायची स्वप्नं बघणारा जॉन. म्हणजे नगरपरिषदेचं गाव. पण पोलीस इन्स्पेक्टर चिंगम हवेत गोळी झाडतो आणि नारळ त्याच्याच डोक्यात पडतो. माझी तक्रार नारळाबद्दल नाही, चिंगमच्या बोलण्याबद्दल आहे. त्याचा दाक्षिणात्य हेल हाच विनोद म्हणून वापरलाय. तमिळ किंवा तेलुगू घरातलं लेकरू आपल्या आजोबांसारखं बोलणाऱ्या माणसावर सगळे हसताना बघतं. आपल्याला हे कळायला हवं, कारण हिंदी सिनेमाने मराठी हेल कित्येक वर्षं हवालदाराला आणि मोलकरणीला वाटून दिला होता आणि आपण ते थिएटरात बसून बघितलं.

भाषेवरून आठवलं. शेजारच्या देशांनी डोरेमॉन या जपानी कार्टूनवर घेतलेला आक्षेप त्यातल्या नोबिता या मुलाच्या आळसावर कमी आणि भाषेवर जास्त होता. बांगलादेशने २०१३ साली ही मालिका बंद केली, कारण ती हिंदीत यायची आणि ढाक्यातली पोरं घरात हिंदी बोलू लागली होती. २०१६ मध्ये पाकिस्तानी पंजाबच्या विधानसभेत डोरेमॉनवर बंदी आणा म्हणून ठराव मांडला गेला. चीनची भीती मात्र वेगळी होती, तिथे २०१४ साली चेंगडूच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की हे निळं मांजर जपानचं हत्यार आहे. त्यांना तसं वाटायला निमित्तही होतं, जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने २००८ साली डोरेमॉनला अ‍ॅनिमेचा राजदूतच नेमलं होतं. आमच्या घरी भीमही हिंदीतच बोलतो. नात खेळताना 'आजी, मुझे बचाओ' म्हणते. महाराष्ट्रात २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, आंदोलनं झाली, जूनअखेर तो रद्द झाला. घरातल्या टीव्हीला कोणताही शासन निर्णय लागला नव्हता. मला हिंदीचा राग नाही, बंदी तर अजिबात नको. मला मराठी बोलणारा भीम हवाय, जो 'काय गं मौसी, किती लाडू उरले' असं विचारेल. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर रांगत्या भीमाची मालिका आली, तिच्यात संवादच नाहीत, आणि ती बाहेरच्या देशांतली मुलंही बघतात. न बोलणारा भीम जगभर चालतो, तर मराठी बोलणारा निदान मिरजेत चालायला हरकत नाही.

सुनेचं म्हणणं, 'आई, तुम्ही तिला सुखाने बघू द्या ना.' मी देते बघू. चालू असताना अवाक्षर काढत नाही. टीव्ही बंद झाल्यावर मात्र आमची गोष्टीची वेळ असते, ती माझी. गेल्या महिन्यात बिल्डिंगमधली आणखी पोरं जमली होती, तेव्हा मी एक गोष्ट अर्धीच सांगितली. भीमाला कांजिण्या आल्यात. अंगभर फोड, ताप, आईने सांगितलंय बाहेर पाऊल टाकायचं नाही. लाडू वर्ज्य, नुसती पेज. आणि मंगलसिंग डाकू वेशीवर आलाय. आता ढोलकपूरने काय करायचं?

पहिल्यांदा सगळे गप्प. मग चौथीतला मुलगा म्हणाला, भीमाला चोरून लाडू द्यायचा. बाकीच्यांनी हाणून पाडलं, कांजिण्यांत तुपाचं चालत नाही. एक जण म्हणाला, डाकूलाच कांजिण्या द्यायच्या. यावर बराच वेळ चर्चा झाली. नात म्हणाली, 'कालियाला सांगायचं. तो मोठा आहे भीमापेक्षा.' दुसरी म्हणाली, तो पळून जाईल. नातीने विचार केला आणि म्हणाली, 'मग ढोलू-भोलूला एका बाजूला उभं करायचं आणि चुटकीला एका बाजूला. सगळ्यांनी मिळून वेस लावून घ्यायची.' मग वेशीला दार आहे का, किल्ली कोणाकडे असते, रात्री पहारा कोणाचा, यावर पोरांची जी भांडणं जुंपली ती ऐकून माझा ऊर भरून आला. पहाऱ्याच्या पाळ्या त्यांनी खडूने जिन्याच्या भिंतीवर लिहिल्या. टुणटुण मौसीचं नाव त्यात नव्हतं. ती लाडू करते, तिला झोप पाहिजे, असं ठरलं.

राजा स्वतः जाईल, असं मात्र एकाही पोराने म्हटलं नाही. मी मुद्दाम विचारलं, 'आणि राजा?' चौथीतल्या मुलाने सांगितलं, 'राजा बसतो.'

ही अर्धी गोष्ट तुम्हीही तुमच्या घरी, सोसायटीत, अंगणवाडीत सांगून बघा. भीमाला कांजिण्या, डाकू वेशीवर, पुढे काय. उत्तर सुचवू नका, थांबा. मुलं कोणाला बोलावतात ते मला लिहून पाठवा, मुलाचं वय आणि तालुका तेवढा लिहा, नाव नको. मी एक वही घातली आहे आणि तिच्यात 'राजा' म्हणून वेगळा रकाना आखून ठेवला आहे.